न तुटलेली तार

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरातल्या कोणत्याही जुन्या वस्तूचा भरवसा नसतो. माळ्यावरून काय खाली येईल आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर काय चढेल, हे फक्त आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक असते. या दिवसांत मी स्वतःही शक्यतो एका जागी फार वेळ बसत नाही. न जाणो, नेमकी माझ्यावरच तिची नजर पडायची!

यंदा याच धामधुमीत माझा नातू पुण्याहून सुट्टीवर आला. ओसरीवर सतरंजी अंथरून, विजेवरची गिटार मांडीवर घेऊन तो बसला होता. शेजारी पक्कड, एक मऊ फडके आणि पाकिटात वेटोळी करून ठेवलेल्या नव्या तारा. खुंटी सैल करून त्याने एक तार उतरवायला घेतली. मी जवळ जाऊन पाहिले, तर तार चांगली धडधाकट होती.

"तुटली का रे?"

"नाही, आबा."

"मग काढतोस कशाला?"

"मेल्यात या तारा."

आत चकल्या पाडण्याचे काम क्षणभर थांबले. "सणासुदीचं काय अभद्र बोलतोस रे!" आजीचा आवाज आला.

"अगं, तसंच म्हणतात आजी! तुटायच्या आधी मरतात त्या."

तो सहज बोलून गेला आणि कामाला लागला. मी मात्र तिथेच खांबाला टेकून बसलो. तुटायच्या आधी मरतात! एवढ्या तीन शब्दांनी माझी त्या दिवसाची झोप घालवली.

आमच्या पाथर्डी तालुक्याला तारेचे वाद्य काही नवे नाही. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत डवरी गोसाव्यांची किंगरी ऐकत आमची पिढी वाढली. सप्ताहात वीणा आणि एरवी कोणाच्या तरी ओट्यावर एकतारी असायचीच. विजेच्या गिटारीवर व्हॅन शिप्ले यांनी वाजवलेली चित्रपटगीते मी तरुणपणी रेडिओवर ऐकली होती. पण ते वाद्य जवळून पाहायला घरात नातू मोठा व्हावा लागला. तिला ना भोपळा, ना पोकळ पोट. नुसती भरीव लाकडाची फळी! तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली जे दाखवून दिले आणि जे मी चौतीस वर्षे शाळेच्या फळ्यावर काढीत आलो, ते आता माझ्याच ओसरीवर वाजत होते. गंमत अशी की तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार या गिटारीला चढवली तर ती कंप पावेल, तुमच्याआमच्या कानाला थोडीफार ऐकूही येईल. पण त्या चुंबकाला तिचा पत्ता लागणार नाही.

नातवाने मला तार कशी मरते ते समजावून दिले. मास्तरच्या घरात आता विद्यार्थी शिकवतो, हेही एक बरेच आहे. सहांपैकी बारीक तीन तारा नुसत्या पोलादाच्या. जाड तीन तारांत आत पोलाद आणि त्याभोवती निकेलचा मुलामा दिलेल्या तारेचे वेढे. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेल आणि मळ त्या वेढ्यांत साचत जातो, गंज धरतो, पडद्यांवर दाबून दाबून खालच्या अंगाला खाचा पडतात. तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही. तिचा मूळ स्वर ऐकू येतो, पण त्या स्वरावर उमलणारे वरचे बारीक स्वर विझून गेलेले असतात. आणखी एक खोड म्हणजे, मोकळी तार नीट सुरात लावली तरी वरच्या पडद्यावर बोट ठेवले की ती बेसूर बोलते. म्हणजे आपल्या जागी एकटी असली की बरोबर, चार स्वरांत मिसळायला गेली की चूक! अशी माणसेही आपल्या ओळखीत असतात. पण तो विषय दिवाळीत नको.

त्याने आधी जुनी तार छेडून दाखवली, मग तिच्या जागी नवी चढवून छेडली. जुन्या तारेचा आवाज ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या भांड्यासारखा होता. नवीचा आवाज नुकत्या घासलेल्या तांब्यावर नखाने टिचकी मारावी तसा निघाला.

"एवढा फरक! आणि तुला इतके दिवस कळलं नाही?"

"रोज वाजवणाऱ्याला नाही कळत, आबा. थोडं थोडं जातं ना! कान सरावतो. परवा एक मित्र खोलीवर आला होता, तो म्हणाला. मग लक्षात आलं."

"मित्र चांगला आहे," मी म्हणालो. आणि मला अण्णांची आठवण झाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाथर्डीजवळच्या एका लहान गावात आमची कोरडवाहू शेती होती. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर पांडुरंग! पण आमच्या देवळात अण्णांचा शब्द चाले तो शेतीमुळे नव्हे, तर आवाजामुळे. भजनात चाल म्हणायला ते उभे राहिले की आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे अंथरुणातून उठून येत. गावच्या वीणेसाठी वर्गणी गोळा केली तीही त्यांनीच, आणि ती वीणा आणायला मिरजेलाही तेच गेले. तिथल्या कारागिरांची गोष्ट ते आम्हाला फार रंगवून सांगत. ही घराणी मूळची शिकलगारांची. शस्त्रे घडवणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, तलवारींचे दिवस सरत आले तेव्हा, फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे आणि हात शिकलगारांचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी वाचून दाखवायला अण्णा हवे होते असे मला वाटले.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णांचा सूर उतरू लागला. एकदम नव्हे. आधी तार सप्तकात थोडा कमी पडायचा, मग मधल्या स्वरांवरही घसरू लागला. कानही मंदावले असावेत. पेटी वाजवणारा हुशार होता. तो गुपचूप पट्टी बदलून त्यांच्या मागोमाग खाली उतरे. टाळकरी आवाज चढवून वेळ मारून नेत. भजन संपले की आम्ही सगळे म्हणत असू, "वा अण्णा, आज काय रंग भरला!" मीही म्हणत असे. चार पुस्तके शिकलेला, मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा मी, तोंडभरून म्हणत असे.

१९८४ च्या दिवाळीत माझी आत्या आणि तिचे यजमान मुंबईहून आले. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता. आमच्या गावाला त्याचे मोठे अप्रूप. पहाटेचा काकडा त्यांनी देवळात बसून टिपून घेतला आणि दुपारी फराळ झाल्यावर ओसरीवर सगळ्यांना ऐकवायला सुरुवात केली. पोरेबाळे, शेजारीपाजारी, भजनातली मंडळी, सारे दाटीवाटीने बसले. अण्णा यंत्राला कान लावून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा मधीच खाली उतरतोय, तो कोण रे?"

कोणी बोलेना. टेप चालूच होती. शेवटी आईच हळू म्हणाली, "तुमचाच आवाज हाय तो."

अण्णांनी संपूर्ण टेप ऐकली. मग माझ्याकडे वळून विचारले, "कधीपासून?"

मी मान खाली घातली. "झाली असतील दोन-तीन वर्षं."

"तीन वर्षं देवापुढं मला उघडं पाडत आलात," ते म्हणाले. आवाज चढवून नव्हे; हिशेब सांगावा तसे. आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यानंतर अण्णा सहा वर्षे होते. देवळात नेमाने जात, मागे खांबाला टेकून बसत. पण त्यांनी पुन्हा टाळ हातात धरला नाही. घरातसुद्धा कधी गुणगुणले नाहीत. स्वतःच्या कानांवरचा त्यांचा विश्वास गेला, हे मी समजू शकतो. आमच्यावरचा गेला, हे मात्र मला आजही सलते. पुढे कोणत्याही गोष्टीला आम्ही "छान झालं" म्हटले की ते आमच्याकडे नुसते पाहत.

आम्ही का बोललो नाही? आदर होता म्हणून, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. त्यात खोटे काही नव्हते. पण ते पुरते खरेही नव्हते. अण्णांना वाईट वाटेल याची काळजी आम्हाला होती. मात्र त्यांना वाईट वाटत असताना त्यांच्यासमोर उभे राहायचे आपल्याला जमेल का, याची धास्ती तिच्याहून मोठी होती. मराठीत 'भीड' हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात माया, मर्यादा आणि भित्रेपणा अशा बेमालूम मिसळलेल्या असतात की बाळगणाऱ्यालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. भिडेमुळे आपण समोरच्याला सांभाळतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा आपण स्वतःलाच सांभाळत असतो.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचे? चार दिवस राहिले आहेत, म्हणू द्या बेसूर! देव काय पट्टी तपासतो का? हा युक्तिवाद मलाही पटतो. निदान निम्मा तरी पटतो. तेवढ्यासाठी दूरदेशीची एक गोष्ट सांगतो. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नामध्ये बेटहोव्हेनची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तोवर तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता. तरी तो वादकांसमोर उभा राहून ठेका दाखवीत होता. मात्र वादकांना आधीच बजावलेले होते की त्याच्याकडे लक्ष न देता उमलाउफ या संचालकाकडे पाहून वाजवा. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, तो त्याला ऐकू आला नाही. तेव्हा कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला धरून श्रोत्यांकडे वळवले, असे सांगतात.

आमच्या पेटीवाल्याने जे केले तेच उमलाउफने केले. मग तिकडची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी का येते, आणि इकडची आठवून मान खाली का जाते? मला वाटते, फरक एवढाच की बेटहोव्हेनला आपण बहिरे आहोत हे ठाऊक होते. कित्येक वर्षांपूर्वी, १८०२ सालीच, त्याने आपल्या भावांना उद्देशून ते दुःख कागदावर उतरवले होते. जे त्याला माहीत होते ते जाणूनच इतरांनी त्याला सांभाळून घेतले. अण्णांना माहीत नव्हते. ज्याला माहीत आहे त्याला सावरणे ही करुणा. ज्याला माहीत नाही त्याला तसेच ठेवून त्याच्याभोवती सोय करणे, ही कितीही प्रेमाने केली तरी फसवणूकच. कारण आपल्याबद्दलची एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आणि फक्त आपल्यालाच नाही, याहून एकटेपण कोणते?

आणि उशीर! न तुटलेली तार बदलायला वेळ असतो. माझा नातू त्या दिवशी किती निवांत काम करीत होता! सहाही तारा त्याने एकदम काढल्या नाहीत. एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरीला हात घालायचा. सहा तारांची मिळून ओढ चाळीस किलोंच्या आसपास असते. त्या ओढीवर आणि आतल्या स्प्रिंगांवर त्याच्या गिटारीची घोडी तोललेली असते. सगळा भार एकदम उतरला तर घोडी जागची हलते आणि पुन्हा जुळवणी करताना जीव मेटाकुटीला येतो. नवी तारही लगेच सूर धरत नाही. ती हाताने हलके ओढायची, उतरली की पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. असे एखादा दिवस चालते. हे सगळे ओसरीवर, हातात वेळ असताना करता येते. तार तुटण्याची वाट पाहिली तर ती भर मैफलीत तुटते. आमचा टेपरेकॉर्डर म्हणजे भर मैफलीत तुटलेली तार होती.

पण इथे मला थबकावेसे वाटते. माणूस म्हणजे तार नव्हे. तार आवाजासाठीच असते. आवाज गेला की तिचे काम संपले. माणसाचे तसे नाही. आणि ही काही माझ्यासारख्या पेन्शनरच्या आरामखुर्चीतली चर्चा नाही. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास संसार गाड्यांवर घालून किती कुटुंबे ऊसतोडीला निघतात! तिथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. किती माणसे आली असे विचारत नाहीत. किती कोयते आले असे विचारतात. ज्याला हत्यार म्हणूनच मोजले, त्याची कंबर गेली की त्याला बदलले जाते, आणि यात काही चुकले असेही कोणाला वाटत नाही. "खरे बोला, जीर्ण झाले ते काढा" असा उपदेश करताना हे कोयते डोळ्यांपुढून हलत नाहीत. म्हणून नुसते खरे सांगून भागत नाही. खरे सांगणाऱ्याने पुढची जागाही दाखवली पाहिजे.

ही जागा कशी दाखवायची, हे आमच्या सप्ताहाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. गावकऱ्यांचे पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. दोघे वाकून एकमेकांच्या पाया पडतात आणि पहिला बाजूला होतो. तो थकला, त्याचे चुकले किंवा दुसरा त्याच्याहून बरा, असे त्यात काही नसते. त्याचा पहारा संपला, एवढेच. देणारा लहान होत नाही आणि घेणारा मोठा होत नाही. अण्णांना वेळेवर कोणी म्हटले असते, "अण्णा, चालीचा पहारा आता पोरांना द्या आणि वीणा तुम्ही घ्या," तर ते घटकाभर रुसले असते. पण त्यांचे हात चांगले होते, लय पक्की होती. सहा वर्षे त्यांनी वीणा धरली असती. आमच्या भिडेने त्यांचा सूर काही टिकवला नाही. उलट त्यांची वीणा मात्र हिरावून घेतली.

संध्याकाळी नातवाचे काम संपले. उतरलेल्या तारा कोपऱ्यात पडल्या होत्या. त्यांतली एक जाडशी तार आजीने उचलली आणि आकाशकंदील टांगायला वापरली. "बघा, वाया काही जात नाही," असे ती माझ्याकडे पाहून म्हणाली. मी हसलो, पण हे समाधान तारेपुरते ठीक आहे. गाणाऱ्याला कंदील टांगायला सांगितले तर त्याचे समाधान कसे व्हावे?

रात्री मी नातवाला म्हणालो, "उद्या पहाटे काकड्याला चल. माझं ऐक, आणि मला खरं सांग." कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे काकडा असतो, आणि गेली कित्येक वर्षे चाल मी म्हणतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर चुकवली. ती चुकवलेली नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. १९८४ साली ती माझीच होती.

पहाटे तो आला. मागे बसून त्याने सगळे ऐकले. परतताना वेशीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही विचारले नाही. मग म्हणाला, "आबा, खालचे स्वर अजून छान लागतात. वरचे नाही लागत. मागच्या दिवाळीतही नव्हते लागत."

खरे सांगतो, ऐकून बरे वाटले नाही. आपणच मागितलेले सत्य हातात पडले की ते इतके गरम असते, याची मला कल्पना नव्हती. दिवसभर मी त्याच्याशी जरा तुटकच वागलो. त्याच्या पानात करंजी वाढताना आजीने माझ्याकडे दोनदा डोळे वटारले. पण मागच्या दिवाळीपासून म्हणजे एकच वर्ष झाले, तीन नव्हे, असा हिशेब मनात मांडला तेव्हा राग उतरला.

दुसऱ्या दिवशी चाल म्हणायला आमच्यातला एक तरुण पुढे झाला आणि मी वीणेकऱ्याकडे पहारा मागितला. त्याने वीणा माझ्या गळ्यात घातली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. काकडा संपेपर्यंत मी ती छेडीत उभा होतो. चालीकडे कान होते, हात लयीत होता. मध्येच ध्यानात आले की वीणेची एक तार काळवंडली आहे आणि तिचा आवाज बसला आहे. किती महिने झाले असतील कोणास ठाऊक! आम्हाला रोज ऐकणाऱ्यांना ते कळलेच नव्हते.

घरी आल्यावर नातवाला हाक मारली आणि म्हटले, "पक्कड घे. देवळात जायचंय."